‘स्टेंड ग्लाससाठी’ म्हणून पाठवलेल्या सोल्डर तारेबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: वर्णनात ‘६०/४०, भरीव तार’ असताना राळ भरलेली तार पाठवल्याबद्दल

महोदय,

मी लातूरला रंगीत काचांच्या खिडक्या आणि देवघराची दारे बनवते. तुमच्या संकेतस्थळावर ‘स्टेंड ग्लाससाठी खास, ६० टक्के कथील, ४० टक्के शिसे, भरीव तार’ असे वाचून मी अर्ध्या किलोची रिळे मागवली. आलेल्या रिळांवर ‘सोल्डर वायर’ आणि वजन, एवढेच छापलेले आहे. सोल्डरची इस्त्री (तार वितळवायचे तापते हत्यार) टेकवताच धूर आणि राळेचा वास आला, म्हणून तार तिरकी कापून पाहिली. मधोमध पिवळसर राळ होती.

अशी तार रेडिओ-टीव्ही दुरुस्तीला चांगली, काचकामाला नाही. आम्ही काचेच्या कडांना तांब्याची पट्टी चिकटवतो, तिला वेगळा फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावायचा पदार्थ) लावतो आणि त्यावर डाख, म्हणजे वितळलेले सोल्डर, ओततो. तारेतली राळ या कामात जळते, काचेवर चिकट थर धरते आणि साबणाच्या पाण्याने जात नाही. माझ्या दाराच्या पूर्ण झालेल्या भागावर काळे पॅटिना (डाख काळा करणारे रसायन) लावले तेव्हा राळेच्या जागी डाख पांढराच राहिला. ते जालन्याच्या एका कुटुंबाच्या देवघराचे दार आहे. आता डाख उतरवून पट्टी नव्याने लावावी लागणार, आणि त्यात काही काचा तडकण्याची भीती आहे.

प्रमाणाबद्दलही मला शंका आहे. ६०/४० चा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतो आणि १९० च्या आसपास पूर्ण पातळ होतो, म्हणून इस्त्री उचलताच तो गोठतो आणि रेघ गुळगुळीत, फुगीर राहते. ५०/५० चा डाखही १८३ लाच सुटतो, पण पूर्ण पातळ व्हायला २१५ च्या जवळ जावे लागते. मधल्या वेळात तो लापशीसारखा राहतो, रेघ बसते आणि खरबरीत होते. तुमच्या तारेचे नेमके तसेच होते. त्याच इस्त्रीवर, त्याच तापमानाला माझ्याकडची दुसरी ६०/४० तार नीट चालते. ५०/५० ला मी वाईट म्हणत नाही. शिशाच्या पट्ट्यांचे सांधे जोडायला ती चालते. पण कथील शिशापेक्षा कितीतरी महाग आहे. साठ टक्के कथिलाचे पैसे घेतले, तर तेवढे कथील मिळायला हवे.

फोनवर तुमच्या माणसाने ‘इस्त्रीचे तापमान वाढवा’ असे सांगितले. जास्त तापवले तर राळ आणखी जळते आणि काचेला तडा जातो. काचकाम करणाऱ्याला असा सल्ला देणे मला फार बेजबाबदार वाटले.

आणखी एक गोष्ट मला गप्प बसू देत नाही. रिळावर शिशाचा उल्लेखच नाही. आमच्या भागात पाणी साठवावे लागते, आणि गळकी घागर घरच्या घरी डाख लावून दुरुस्त करणारे लोक आहेत. त्यांनी ही तार वापरली तर शिसे पिण्याच्या पाण्यात उतरेल. ‘शिसेयुक्त, पाण्याच्या व अन्नाच्या भांड्यांना वापरू नये, कामानंतर हात धुवावेत’ एवढे मराठीत छापायला किती खर्च येतो?

माझ्या मागण्या: रिळांची पूर्ण रक्कम परत करावी आणि ती नेण्याचा खर्च कंपनीने सोसावा. या मालाचा धातुप्रमाणाचा तपासणी अहवाल मला पाठवावा. तो येईपर्यंत संकेतस्थळावरचे ‘स्टेंड ग्लाससाठी खास’ हे शब्द काढावेत. पुढच्या प्रत्येक रिळावर प्रमाण, तार भरीव की राळेची, आणि शिशाची सूचना छापावी.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) नोंद करून, ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. बिलाची प्रत, कापलेल्या तारेचे आणि दाराचे फोटो सोबत जोडले आहेत. एक रीळ न उघडता तपासणीसाठी बाजूला ठेवले आहे.

आपली,
एक ग्राहक, लातूर