हीटरवरचा आकडा म्हणजे पाण्याचं तापमान नाही

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

निफाडचा पारा किती उतरला हे तुम्ही दर हिवाळ्यात छापता, आणि ती बातमी वाचली की आमच्या घरी माळ्यावरून फिशटँकचा हीटर खाली येतो. यंदाही आला, आणि दोन दिवसांत अकरा मासे गेले. त्याबद्दल लिहितेय कारण नाशिकमध्ये आमच्या ओळखीच्याच चार-पाच घरांत टँक आहेत आणि त्यातल्या एकाही घरात थर्मामीटर नव्हता, आमच्याही नाही.

टँक दोन फुटी, म्हणजे पन्नास लिटरच्या आसपास पाणी, हीटर १०० वॉटचा. रात्री नॉब २६ वर ठेवला आणि झोपलो. सकाळी गप्पी आणि टेट्रा सगळे वर येऊन तोंड उघडून धापा टाकत होते, चार तर उलटे तरंगत होते. दुकानदाराला फोटो दाखवला तर तो म्हणाला इन्फेक्शन आहे, आणि निळं औषध दिलं. आम्ही ते घातलं, हीटर तसाच चालू. दुसऱ्या दिवशी आणखी सात गेले. मग माझी मुलगी टँकपाशी बसून रडत होती, तिने काचेला गाल लावला आणि म्हणाली, आई, काच गरम आहे गं. शेजारी कॉलनीतून थर्मामीटर मागून आणला, पाणी ३४!! या माशांना २४ ते २८ पुरतं, आणि पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी राहतो, म्हणून ती बिचारी वर येत होती. आजार वगैरे काही नव्हता.

हीटर काढून बादलीत टाकून बघितला. पाणी हीटरवरच्या खुणेपर्यंत, थर्मामीटर शेजारी, नॉब अगदी खाली २० वर. पाणी २२ होतं म्हणजे लाल लाईट लागायलाच नको, पण तो लागलेलाच, आणि तासाभरात पाणी २७. साध्या नॉबवाल्या हीटरमध्ये दोन धातूंची जोडपट्टी असते, ती गरम झाली की वाकते आणि करंट तुटतो, गार झाली की परत जोडला जातो, असं दिवसातून कितीतरी वेळा होतं, प्रत्येक वेळी बारीकशी ठिणगी पडते आणि एक दिवस करंट जोडणारे ते पॉइंट चिकटूनच बसतात. मग नॉब कुठेही फिरवा, हीटर बंदच होत नाही.

म्हणूनच मोठा हीटर घेऊ नका असं मी कळकळीने सांगेन. दुकानात मला आता ३०० वॉटचा घ्या म्हणत होते, पाणी पटकन गरम होतं म्हणून. लिटरला एक वॉट साधारण पुरतो, आपल्याकडच्या थंडीत तर नक्कीच. १०० वॉटला पन्नास लिटर पाणी एक डिग्री चढवायला अर्धा-पाऊण तास लागतो, ३०० वॉटला दहा-बारा मिनिटं. तो चिकटला असता तर सकाळपर्यंत एकही मासा राहिला नसता. आणि गोल्डफिश असेल तर घरात हीटर लागतच नाही, तरी तो गळ्यात मारतात.

उलटं पण होतं, हीटर सुरूच होत नाही. तेव्हा आधी त्याच सॉकेटला मोबाईलचा चार्जर लावून बघा, मग नॉब चार-पाच डिग्री वर फिरवा. लाईट लागला, अर्धा तास थांबलात आणि तरी टँकचं पाणी हलत नाही तर हीटर फिल्टरच्या धारेजवळ आहे का ते पाहा, नाहीतर एकाच कोपऱ्यात पाणी गरम होतं आणि तो लगेच बंद पडतो. काचेच्या आत वाफ किंवा पाण्याचे थेंब दिसले तर मात्र काही शोधत बसू नका, बोर्डाचं बटण बंद करून पिन काढा आणि तो हीटर टाकून द्या.

पिन काढायची गोष्ट मी परत सांगते. टँकमध्ये हात घालायच्या आधी पिन काढायची, प्रत्येक वेळी, लहान मुलांना तर हे पाठच करून घ्या. पाणी बदलायचं असेल तर पिन काढून पंधरा-वीस मिनिटं थांबा. माझ्या बहिणीने गेल्या वर्षी हीटर चालू ठेवूनच निम्मं पाणी काढलं, हीटरची काचेची नळी पाण्याबाहेर उघडी पडली, वरून गार पाणी ओतलं आणि टक् आवाज होऊन काच तडकली. पाण्यात उघडी तार, आणि हीटरला दोन पिनांची वायर, म्हणजे अर्थिंग नाही. नशीब, घरात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच होता, तो पडला.

पाणी जास्त तापलंच तर हीटर बंद करून एअर पंप फुल ठेवा आणि थोडं थोडं पाणी बदला, बर्फ टाकू नका, एकदम गार झालं तरी मासे खचतात आणि अंगावर पांढरे ठिपके येतात.

दुकानदारांना विनंती आहे की हीटर विकताना थर्मामीटर सोबतच द्या, शंभरेक रुपयांची वस्तू आहे. आणि संपादकसाहेब, निफाडची बातमी पुढच्या वेळी छापाल तेव्हा शेजारी चार ओळी यावरही छापा. आमच्या टँकमध्ये आता तीन गप्पी उरलेत, थर्मामीटर २६ दाखवतोय, मुलगी शाळेत जायच्या आधी रोज वाचून जाते.

आपली,
एक वाचक, नाशिक