चमचा ओतायला लावलात, त्याबद्दल

प्रिय डॉक्टर,

रात्रीचे पावणेअकरा वाजले होते. माझी मांजर ठकी टॉवेलात गुंडाळून डाव्या हातात धरलेली आणि समोर ओट्यावर चमच्यात तापाच्या गोळीचा तुकडा पाण्यात विरघळत होता. फोन केला तो एवढंच विचारायला, की अर्धी देऊ की पाव. तुम्ही गोळीचं नाव विचारलंत. मी पाकीट दिव्याखाली धरून वाचलं, पॅरासिटामॉल. पलीकडे क्षणभर शांतता. मग अगदी सावकाश म्हणालात, "आधी तो चमचा बेसिनमध्ये ओता. मी थांबतो. ओतलात? आता बोलू."

ओरडला नाहीत. एवढं कसं कळत नाही, असंही म्हणाला नाहीत. माणसाच्या तापाला चालणारी ही गोळी मांजराच्या यकृताला पचवून शरीराबाहेर टाकताच येत नाही, रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात आणि एका गोळीतही मांजर दगावू शकतं, हे तुम्ही मला दुसऱ्या दिवशी सांगितलंत. त्या रात्री सांगितलं असतं तर माझे हातपाय गळाले असते. कधी काय सांगायचं याचं हे भान मला फार मोठं वाटतं. खरं तर पत्र तिथेच संपायला हरकत नाही, पण पुढचे सहा दिवसही तुमचेच आहेत.

त्या संध्याकाळपर्यंत ठकी ठणठणीत होती. पडद्याची दोरी ओढत होती. आठच्या सुमारास कपड्यांच्या कपाटात सर्वांत खालच्या खणात जाऊन बसली, हाक मारली तरी कान हलला नाही. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा अर्ध्यावर आलेला. मांडीवर घेतली तर गुरगुरायला लागली आणि मला वेडीला वाटलं, चला, बरं वाटतंय तिला. मांजर दुखतं तेव्हाही गुरगुरतं, हेही तुमच्याकडूनच कळलं.

फोनवर तुम्ही मला तीन गोष्टी करायला लावल्यात. ओठ वर करून हिरड्यांचा रंग बघा, गुलाबी आहे का. बोटाने दाबून सोडा, पांढरा पडलेला डाग दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी होतो का. मग ती शांत पडली की छाती बघत श्वास मोजा, अर्धं मिनिट, आणि दुप्पट करा. अठ्ठावीस आले. "तिशीच्या आत आहे, ठीक. तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागली तर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच निघा. नाहीतर आठला या." डॉक्टर, त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाहीच, पण मला करायला काहीतरी काम होतं. दर तासाला दिवा न लावता मोबाइलच्या उजेडात मोजत बसले. एकदा चौतीस आले तेव्हा रडू फुटलं, मग लक्षात आलं की मीच तिला हलवून जागं केलं होतं.

सकाळी ताप १०४.९ निघाला. मांजराचं एरवीचं तापमानच १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे आपला ताप तो त्यांचा रोजचा दिवस, हे ऐकून त्या अवस्थेतही मला गंमत वाटली होती. तुम्ही एकेक विचारत गेलात. घरात लिलीची फुलं आणली होती का? शिवणाचा दोरा, रबर गिळलं असेल का? उंदरांचं औषध? गच्चीतून पडली? लिलीचे पराग अंगावर पडले आणि मांजराने ते चाटले, तरी मूत्रपिंडं जातात, हे सांगतानाही तुमचा सूर असा, की जणू आपण दोघं मिळून हरवलेली किल्ली शोधतोय. मी मनात स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून आले होते. तुम्ही मला तिथून खाली उतरवलंत.

मग रक्त, एक्स-रे, सोनोग्राफी. रक्ताचा कर्करोग करणाऱ्या विषाणूची चाचणी, प्रतिकारशक्ती पोखरणाऱ्या विषाणूची चाचणी, दोन्ही निगेटिव्ह. सगळं पाहून तुम्ही चष्मा काढलात आणि म्हणालात, "मला कळलेलं नाही." फाइलवर निदानाच्या रकान्यात लिहिलंत: कारण अज्ञात असलेला ताप. खरं सांगू? तेव्हा राग आला होता. एवढ्या सुया टोचल्या, एवढे कागद जमले आणि हाती हे? आज ती फाइल काढून बघते तेव्हा वाटतं, काहीतरी जड नाव लिहून मला घरी पाठवणं किती सोपं होतं.

नाव नव्हतं म्हणून मी रात्री इंटरनेटवर नाव शोधलं आणि एफआयपी या तीन अक्षरांवर, मांजरांच्या एका जीवघेण्या आजारावर, येऊन अडकले. सकाळी थरथरत तुमच्यासमोर. तुम्ही तेही हसण्यावारी नेलं नाहीत. ज्या कोरोना विषाणूपासून तो आजार होतो तो कितीतरी धडधाकट मांजरांच्या पोटात असतो, त्यामुळे रक्तात त्याच्या खुणा सापडल्या म्हणजे आजार आहेच असं नाही. ठकीच्या पोटात पाणी नाही, प्रथिनांचं प्रमाण ठीक आहे, तरी दार पूर्ण बंद करत नाही, असं म्हणालात. आणि समजा निघालाच, तरी आता ती मृत्यूची चिठ्ठी राहिलेली नाही: २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जीएस-४४१५२४ हे औषध दिलेल्या ३१ मांजरांपैकी २५ दीर्घकाळ जगली. तो आकडा मी वहीत लिहून ठेवला. उपयोग पडला नाही, पण त्या रात्री झोप त्याच्यामुळे लागली.

वहीही तुमचीच कल्पना. तारीख, वेळ, ताप, श्वास, खाल्लं किती, वाळूत लघवीचे गोळे किती, वजन. वजन करायला मी ठकीला कडेवर घेऊन काट्यावर उभी राहायचे आणि मग एकटीचं वजा करायचे, तेव्हा तुम्ही म्हणालात की टोपलीत बसवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा, मांजराच्या बाबतीत शंभर ग्रॅमही मोजावे लागतात. ३.८ किलोची ठकी चौथ्या दिवशी ३.४ वर आली होती.

तुमचा सगळा जोर खाण्यावर. दोन-तीन दिवस मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात जाऊन साचते आणि मूळ दुखणं बाजूला राहून यकृतच बंद पडायला लागतं, म्हणून कारण सापडो न सापडो, पोटात गेलंच पाहिजे. सिरिंज सुळ्याच्या मागच्या फटीतून, गालाच्या बाजूने. डोकं वर उचलायचं नाही. एक घोट, गिळू द्यायचा, मग दुसरा. लाळ गाळायला लागली की थांबायचं, नाहीतर त्या अन्नाचीच शिसारी बसते. तुम्ही माझा हात धरून शिकवलंत. खांद्याच्या कातडीखाली सलाईन सोडलंत की तिला उंटासारखं वशिंड यायचं आणि ते घरी येईतो एका पायावर ओघळून यायचं. "मांजरच आहे ना?" असं मला विचारणारे त्या आठवड्यात पुष्कळ भेटले. त्यांच्याविषयी इथे लिहीत नाही.

सहाव्या दिवशी पहाटे डब्यातलं ओलं खाणं कोमट करून बशीत ठेवलं. नाकाला वास लागला तरच मांजर खातं, म्हणून कोमट. ती आली, हुंगलं, मागे फिरली. मी बशी उचलायला वाकले तर माझ्या हाताला डोकं घासून पुन्हा वळली आणि चाटायला लागली. वहीत त्या पानावर अक्षर वाकडं आहे: "स्वतः. दोन चमचे. ५.२०."

ताप का आला, का गेला, तुम्हालाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. या पाच महिन्यांत तो परत आलेला नाही. वजन ३.९.

आणि हो, तिसऱ्या दिवशी ताप बघताना तिने तुमच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला होता. तुम्ही "अरे वा, ताकद आहे अजून" म्हणालात आणि मी गडबडीत माफी मागायची राहिले. ती आता मागते. पुढच्या महिन्यात तिची लस आहे. हातमोजे जरा जाड घाला.

तुमची कृतज्ञ,
ठकीची आई