दादाशी काय बोलायचं, असं विचारलंस म्हणून

कोरेगाव

प्रिय नितीन,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. सागरदादा अग्निवीर होऊन बेळगावला मराठा रेजिमेंटच्या ट्रेनिंग सेंटरला गेला याचा फार आनंद झाला. पण रविवारी त्याच्या हातात मोबाईल येतो तेव्हा 'बरा आहे, जेवलो, आईला दे' एवढ्यावर बोलणं संपतं आणि भाऊ परका झाल्यासारखा वाटतो, असं तू लिहिलंस. ते वाचून माझा जीव कळवळला. आमच्या ताईचं आणि माझंही कितीतरी वर्षं असंच चाललं होतं.

ताई बारावीनंतर पुण्याला एएफएमसीच्या, म्हणजे सैन्यदलांच्या मेडिकल कॉलेजच्या, नर्सिंग कॉलेजात गेली तेव्हा मी चौथीत होतो. चार वर्षं शिक्षण, मग लेफ्टनंट म्हणून कमिशन, मग आज या गावी तर उद्या त्या गावी. ती सुट्टीवर आली की घरात पाहुणे आल्यासारखं व्हायचं. पुरणाचा घाट, आत्या-मावश्यांचा राबता, आणि त्यात कुणीतरी हमखास विचारणार, 'तुला तिकडं भीती नाही का गं वाटत?' ती नुसती हसायची. माझ्या वाट्याला कँटीनमधून आणलेले बूट आणि 'अभ्यास करतोस ना?' एवढंच यायचं. आमच्यात भांडण कधी झालं नाही. भांडायला लागतो तेवढा सहवासच मिळाला नव्हता.

मग तिची बदली लेहला झाली. आईला आधीच घोर लागलेला, म्हणून रात्री ड्यूटी संपली की ती पुण्याला होस्टेलवर मला फोन करायची. सुरुवातीचे फोन तुझ्या-दादाच्या फोनसारखेच. 'थंडी आहे का?' 'आहे.' झालं! एका रात्री काहीच सुचेना, म्हणून मी विचारलं, 'तिथं वरण शिजतं का गं नीट?' आणि ताई जी बोलायला लागली! लेह साडेअकरा हजार फुटांवर, तिथं पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. डाळ पातेल्यात कितीही वेळ ठेवा, कणी राहतेच, कुकरशिवाय गत्यंतर नाही. आईनं दिलेलं मेतकूट ती पुरवून पुरवून खाते. खोबरेल तेलाची बाटली जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवते, नाहीतर थिजून बसतं. कोरड्या हवेनं बोटांच्या पेरांना चिरा पडतात आणि वॉर्डात सारखे हात धुवावे लागतात, त्या झोंबतात. इतक्या वर्षांत ताई कशी राहते हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

त्यानंतर तिनं मला एका जवानाबद्दल सांगितलं. इतक्या उंचीवर काही जणांच्या फुप्फुसात पाणी भरतं, तिकडं त्याला 'हापो' म्हणतात. म्हणून तर वर जाणाऱ्या जवानाला आधी ६ दिवस, मग आणखी उंचावर ४ आणि त्याहून वर पुन्हा ४ दिवस थांबवून हवेची सवय करून देतात. तरी एखाद्या धडधाकट पोरालाही तो गाठतोच. तसा एक मराठी मुलगा मध्यरात्री वॉर्डात आणला होता. ओठ निळे पडलेले, छातीत घुरघुर. ऑक्सिजन लावताना ताईच्या तोंडून 'घाबरू नको रे' निघालं. ते ऐकून त्यानं तिची बाही घट्ट धरली आणि म्हणाला, 'ताई, घरी कळवू नका.' एरवी सगळे तिला मॅडम म्हणतात. पहाटे त्याचा श्वास ताळ्यावर आला आणि त्यानं चहा मागितला, तेव्हा कुठं ही बाहेर जाऊन रडली. 'आईला नाही सांगू शकत रे, म्हणून तुला सांगितलं,' असं म्हणाली. मी समजूत घातली नाही, फक्त ऐकत राहिलो. मला वाटतं, तिला तेवढंच हवं होतं.

पुढे माझंही तोंड उघडलं. इंजिनिअरिंगमध्ये माझा जीव रमत नाही, हे मी घरात सगळ्यात आधी तिला सांगितलं. वाटलं होतं, आता हुकूम सुटणार. पण तिनं विचारलं, 'मग कशात रमतो?' नितीन, मोठ्या बहिणीनं मला तसं कधी विचारलंच नव्हतं.

यंदा उन्हाळ्यात मी लेहला जाऊन आलो. विमानातून उतरल्या उतरल्या तिनं मला दोन दिवस पलंगावर झोपवलं, दर दोन तासांनी बोटाला ऑक्सिमीटर. पहिल्या संध्याकाळी आकडा ८४ आला तेव्हा तिचा चेहरा बघायला हवा होतास. बाहेर फिरलो थोडंच, पण रात्र रात्र बोलत बसलो. कितीतरी गोष्टी मी लहान असताना घडलेल्या होत्या आणि त्या मला ठाऊकच नव्हत्या.

तर दादाला 'कसा आहेस' विचारू नकोस. सकाळी किती वाजता उठवतात, बूट चावतात का, शेजारच्या खाटेवरचा पोरगा कुठला, घोरतो का, हे विचार. आणि घरातलं सगळं सांग. म्हैस व्याली, बाबांनी पुन्हा तंबाखू धरली, तुझे मार्क कमी पडले, काही लपवू नकोस. त्याला लांबचा करू नका. शिवाय पत्र लिही. फोन ठेवला की संपतो, पत्र तो रात्री पुन्हा काढून वाचेल. अग्निवीराला वर्षाला सुट्टी ३० दिवसांचीच असते, त्यातले निम्मे नातेवाइकांत जातील, तेव्हा एक दिवस तुम्ही दोघंच मळ्यावर जा.

ट्रेनिंग संपल्यावर कसम परेड, म्हणजे जवानांच्या शपथेची परेड, असते, त्या वेळी आईवडिलांना गौरव पदक देतात. तारीख कळली की लगेच कळव, काका-काकूंबरोबर मीही बेळगावला येणार. ताईची सुट्टी जुळली तर तिलाही घेऊन येतो. ती सागरदादाला बुटांच्या फोडांवर काय लावायचं ते नीट सांगेल.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अमोल