सभापती पागे आणि पोचपावतीवरची तारीख

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्याच्या राजकारणात दीर्घकाळ वावरलेल्या नेत्यांवर आपल्या दैनिकात येणारे लेख मी नेमाने वाचतो. निवडणुका किती जिंकल्या, खाती कोणती मिळाली, पक्ष कितीदा बदलला, याचा हिशेब त्यांत चोख असतो. या हिशेबाने पाहिले तर विठ्ठल सखाराम पागे यांच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते : १९६० ते १९७८ या काळात ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. मला हा हिशेबच अपुरा वाटतो, म्हणून हे पत्र.

सभापतीने इतरांना बोलू द्यायचे असते. त्याच्या हाती ना निधी, ना बदल्या. स्वातंत्र्यलढ्यातून आलेल्या, तासगाव तालुक्यातील विसापूरशी नाते सांगणाऱ्या पागे यांनी तिथे बसूनच रोजगार हमी योजनेची कल्पना मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या गळी उतरवली. आधी १९६९ मध्ये आपल्याच भागात प्रयोग झाला आणि १९७२ मध्ये योजना राज्यभर जाहीर झाली. त्याच सुमारास मोठा दुष्काळ पडला. खडी फोडायला आणि पाझर तलावांची माती उपसायला माणसे लोटली. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली होती. परंतु ती कामे सरकारने संकट पाहून काढली होती. पागे यांचा आग्रह निराळा होता. दुष्काळ जाहीर होवो वा न होवो, अंगमेहनत करायला तयार असलेल्या ग्रामीण माणसाने काम मागितले की ते त्याला मिळालेच पाहिजे, आणि तेही हक्क म्हणून. ‘मागेल त्याला काम’ या घोषणेत ‘मागेल’ हा शब्द महत्त्वाचा आहे. १९७७ मध्ये कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

पैशाची सोयही विचारपूर्वक केलेली होती. १९७५ च्या कायद्याने आलेला व्यवसाय कर मुख्यतः याच योजनेसाठी होता. पगारातून दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले गेले की माझे सहकारी कुरकुरत. हे पैसे कोणत्या बांधावर जातात, याची बहुतेकांना कल्पना नसे. (खरे सांगायचे तर नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मलाही नव्हती.)

मी तहसील कार्यालयात लिपिक होतो. काम मागणारा मजूर ‘नमुना ४’ भरून देई, आणि मागणीपासून पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता देणे सरकारवर बंधनकारक होते. सगळा कायदा त्या अर्जाच्या पोचपावतीवरील तारखेत सामावलेला होता, आणि ही गोष्ट ज्यांना नेमकी कळली होती तेच ती तारीख टाकायचे टाळत. “अर्ज ठेवून घ्या, पोच नंतर देऊ,” असे एका वरिष्ठांनी मला अनेकदा सांगितले. तारीख नाही, म्हणजे पंधरा दिवस सुरूच होत नाहीत. एकदा एक बाई दाराशी दुपारपर्यंत बसून राहिली. तिला वाचता येत नव्हते, पण शिक्का आणि तारीख कुठे असते हे ठाऊक होते, आणि ती मिळाल्याशिवाय ती उठली नाही.

योजनेत खोटी हजेरीपत्रके झाली, मजुरी रखडली, पाझर तलावांचे पाणी बहुधा आधीच जमीन असलेल्यांच्या विहिरींना मिळाले; हे आक्षेप खरे आहेत आणि पागे यांच्यावरील कोणत्याही लेखात ते यायला हवेत. तरीही २००५ मध्ये केंद्राने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा मागणी, पंधरा दिवस आणि भत्ता ही त्याची चौकट महाराष्ट्रात आधीच पाव शतकाहून अधिक काळ वापरात होती. मुख्यमंत्रिपद न भूषविलेल्या राज्यपातळीवरील किती नेत्यांबद्दल असे सांगता येईल?

आपण असा लेख करणार असाल तर ‘नमुना ४’ ची एक कोरी प्रत माझ्याकडे अजून आहे. पागे यांच्या छायाचित्राशेजारी छापण्यासाठी ती मी आनंदाने पाठवीन.

आपला,
एक सेवानिवृत्त लिपिक, सांगली जिल्हा