टाकीसमोर बसून राहिलेल्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

काल सकाळी माझ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीचे दिवे लागल्यावर तासाभरातच माझ्या लेदर कोरलने, म्हणजे छत्रीच्या आकाराच्या मऊ प्रवाळाने, आपली छत्री पूर्ण पसरली आणि तिच्यावरचे सगळे पॉलिप, म्हणजे फुलांसारखे दिसणारे इवले जीव, बाहेर आले. काचेला नाक लावून पाहिले, तेव्हा प्रत्येक पॉलिपच्या टोकाचे आठ इवले तंतू वेगवेगळे मोजता येत होते. तीन आठवडे मुठीसारखे मिटून बसलेला जीव असा उघडलेला पाहिला आणि डोळे भरून आले. आपले नाव कुठेही घेऊ नये असे आपण बजावले आहे, म्हणून ते न लिहिता हे पत्र सर्वांसमोर ठेवत आहे.

हे लेदर कोरल (शास्त्रीय नाव सार्कोफायटॉन) दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आले तेव्हा अंगठ्याएवढे होते. गेल्या महिन्यात एके दिवशी त्याने पॉलिप आत ओढले ते पुन्हा काढलेच नाहीत. छत्रीचा पृष्ठभाग मेण फासल्यासारखा चकचकीत झाला, रंग करडा पडला आणि त्यावर तपकिरी शेवाळ धरू लागले. मी घाबरून ज्याला त्याला विचारत सुटलो. ज्यांच्याकडून मी वर्षानुवर्षे सामान घेत आलो, त्यांनी पाण्याविषयी एकही प्रश्न न विचारता तीन बाटल्या हातात ठेवल्या. दुसऱ्या एका जाणकाराने, कुजून सगळी टाकी नासवण्याआधी काढून टाका, असे एका वाक्यात सांगून विषय संपवला. तिसऱ्याने प्रकाश वाढवायला सांगितले, चौथ्याने कमी करायला. यांपैकी एकानेही त्या कोरलकडे नीट पाहिले नव्हते, आणि याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. अर्थात त्यांचे ऐकून आठ दिवसांत तीनदा त्याला हलवणारा, आयोडीनच्या पाण्यात बुडवणारा आणि अखेर ‘आराम मिळावा’ म्हणून टाकीतल्या सर्वांत शांत कोपऱ्यात नेऊन ठेवणारा मीच होतो.

आपण आलात आणि पहिला अर्धा तास काहीच केले नाहीत. खुर्ची ओढून टाकीसमोर बसलात आणि नुसते पाहत राहिलात. मग शेजारच्या दगडावर झोअँथिड, म्हणजे विषारी असू शकणारे प्रवाळासारखे छोटे जीव, आहेत म्हणून हाताला कुठे कापले-खरचटलेले नाही ना, हे तपासलेत, साबण न लावता कोपरापर्यंत हात धुतलात, आणि पाण्यात हात घालून कोरलचा बुंधा दोन बोटांनी अलगद दाबलात. हात बाहेर काढून बोटे हुंगलीत आणि काही न बोलता तोच ओला हात माझ्यापुढे धरलात. वास उग्र होता, पण समुद्राचा होता, कुजका नव्हता. “मेलेलं कोरल असा वास देत नाही, आणि बुंधा अजून घट्ट आहे,” आपण म्हणालात, “हे मरत नाहीये, कात टाकतंय.”

काका, आपण मला नुसता निष्कर्ष सांगून गेला असतात तरी मी तो मानला असता. परंतु आपण तो हात माझ्यापुढे धरलात, आणि माझे कोरल जिवंत असल्याचे मला स्वतःला कळू दिलेत. इतक्या दिवसांच्या सल्ल्यांमध्ये माझ्याही डोळ्यांवर, नाकावर, समजेवर विश्वास टाकणारे आपण पहिले होतात.

हे कोरल अंगावर साचलेला गाळ आणि शेवाळ मेणचट पापुद्र्यासह झटकून टाकते, त्याला कधी दोन-चार दिवस लागतात तर कधी दोन आठवडे, आणि तो पापुद्रा निघून जायला अंगावरून पाण्याचा खळाळता प्रवाह जावा लागतो, हे त्या दिवशी समजले. ज्या शांत कोपऱ्यात मी त्याला मायेने ठेवले होते, तिथे प्रवाहच नव्हता, म्हणून पापुद्रा जागच्या जागी चिकटून राहिला होता. आपण त्याला जुन्या जागी नेऊन वेव्हमेकरचे, म्हणजे पाण्यात प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाचे, तोंड जेमतेम दोन बोटे वळवलेत. तिसऱ्या दिवशी छत्रीच्या कडेला पापुद्रा फाटला आणि भिजलेल्या कागदाच्या पट्टीसारखा पाण्यात फडफडू लागला. तो ओढून काढण्याचा मोह मला किती झाला, हे आपल्याला मी फोनवर सांगितलेच आहे. “हात मागे बांधून बस,” हे आपले उत्तरही लक्षात आहे.

बाकीच्या गोष्टी आपण ओघात दुरुस्त केल्यात. माझा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे क्षारता मोजण्याचे उपकरण, क्षारता 35 (हजार भागांत 35 भाग क्षार) दाखवत होता. आपण खिशातून आणलेल्या, क्षारता आधीच ठाऊक असलेल्या प्रमाण द्रावणाने तो जुळवला तेव्हा टाकीतले पाणी प्रत्यक्षात 32 असल्याचे निघाले. ती एकदम न वाढवता काही दिवसांत हळूहळू वर आणायची, हे आपण दोनदा बजावलेत. नायट्रेट शून्यावर आणल्याचा मला अभिमान होता. मऊ प्रवाळांना पाण्यात थोडे पोषण लागते, 5 ते 10 पीपीएम (दहा लाख भागांत 5 ते 10 भाग) नायट्रेट असले तर बिघडत नाही, हे आपण मला कमीपणा न आणता समजावलेत. लेदर कोरल आणि त्याचे शेजारी पाण्यात रसायने सोडून एकमेकांना दाबू पाहतात, म्हणून ती रसायने शोषून घेणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन फिल्टरमध्ये घालायला लावलात. त्या तीन बाटल्यांविषयी मात्र एक शब्दही वाईट बोलला नाहीत, फक्त त्या टाकीजवळून उचलून दूर ठेवल्यात.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. बुंध्याशी एक पांढुरका उंचवटा होता. तो कशाचा, असे मी विचारले तेव्हा आपण बराच वेळ पाहून म्हणालात, “हे मला कळत नाही. दोन आठवडे पाहू.” या छंदात इतकी वर्षे घालवलेल्या माणसाने एका नवख्यासमोर इतक्या सहजपणे असे म्हणावे, याचे मला फार अप्रूप वाटले. पाण्यातल्या मुक्या जीवांच्या बाबतीत चुकीच्या खात्रीची किंमत ते जीव मोजतात. ज्याला हे ठाऊक आहे, तोच असे बोलू शकतो.

तो उंचवटा आता वाटाण्याएवढा झाला आहे आणि काल त्याच्यावरही चार पॉलिप दिसले. पिल्लूच आहे ते, काका. दगडाला नीट धरले आणि थोडे मोठे झाले की ते आपल्या टाकीत द्यायला मी स्वतः घेऊन येणार आहे. आजची क्षारता 35 आहे, आपल्या द्रावणाने जुळवून मोजलेली.

आपला कृतज्ञ,
एक मत्स्यपालक