तीन ओळींपर्यंत पोहोचवल्याबद्दल आभार

आदरणीय सर,
सादर प्रणाम.

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाचनालयाची ग्रंथसूची रात्री क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणारी सोय) तयार करणारी बॅश स्क्रिप्ट (बॅश या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी लिहिलेली आज्ञांची यादी) मराठी नावे मध्येच तोडत होती आणि तुटलेल्या अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटत होती. तीच स्क्रिप्ट टर्मिनलवर हाताने चालवली की यादी बिनचूक येई, म्हणून हा बॅशचाच बग असावा अशी चर्चा सुरू झाली होती. त्या वेळी आपण केलेल्या मदतीबद्दल हे जाहीर आभार.

आपण त्या लांबलचक स्क्रिप्टमधली एकेक ओळ वगळत गेलात आणि बिघाड दिसत राहील एवढ्या तीनच ओळी शिल्लक ठेवल्यात. मग ‘पुणे’ या शब्दाची लांबी मोजून दाखवलीत: टर्मिनलवर उत्तर ४ आले आणि सर्व एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून मिळणारी सेटिंग) काढून टाकल्यावर १२. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत प, उकार, ण आणि मात्रा यांना प्रत्येकी ३ बाइट लागतात. क्रॉनमध्ये लोकॅल (भाषा व अक्षरपद्धतीची निवड) ठरवलेले नसल्यामुळे बॅश सुटे बाइट मोजत होते, आणि शब्दातली पहिली ४ चिन्हे मागितली की ‘प’ व उकाराचा तुकडा एवढेच हाती येत होते. स्क्रिप्टच्या आरंभी लोकॅलची एक ओळ घातली आणि यादी सुधारली.

बग बॅशचा नव्हता, तरी तो असता तर कसा कळवायचा हेही आपण तेव्हाच समजावलेत, याचे मला विशेष मोल वाटते. ‘बॅशबग’ ही कमांड आवृत्ती, यंत्र आणि कंपायलर यांची नोंद स्वतःच करते. बिघाड पुन्हा कसा घडवायचा, हा रकाना मात्र कळवणाऱ्यालाच भरावा लागतो, आणि दुरुस्त करणाऱ्याचे सगळे काम तिथूनच सुरू होते. आपण शेलशॉक या सुरक्षेतल्या दोषाचे उदाहरण दिलेत. १९८९ पासून बॅशमध्ये असलेला हा दोष स्तेफान शाझलास यांना सापडला आणि सप्टेंबर २०१४ मध्ये तो जाहीर झाला, तेव्हा आपले यंत्र सुरक्षित आहे की नाही, हे कोणालाही एका ओळीच्या कमांडने पाहता येत होते. पहिल्या पॅचनंतर (दुरुस्तीनंतर) उरलेली फटही तितक्याच छोट्या कमांडने दाखवता आली आणि पुढचे पॅच लगोलग आले.

त्या तीन ओळी आम्ही चाचणी म्हणून जपून ठेवल्या आहेत आणि स्क्रिप्टमध्ये बदल केला की आधी त्या चालवतो. लवकरच नव्या स्वयंसेवकांना ही पद्धत शिकवायची आहे. त्या दिवशी आपण वाचनालयात यावे, अशी आग्रहाची विनंती.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी,
पुणे