पाण्याची सवय

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू विचारलंस ते दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितो आहे. अ‍ॅसिटोनायट्रिल आणि नायट्रोमिथेन हे दोन सॉल्व्हंट (क्षार विरघळवणारे द्रव), दोघांचाही डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (विरुद्ध भारांमधली ओढ द्रव किती पट सैल करतो तो आकडा) ३६ च्या आसपास, मग तुझा लिथियमचा क्षार एकात बऱ्यापैकी सुटा राहतो आणि दुसऱ्यात आयनांच्या जोड्या करून का बसतो? तुझ्या सरांनी "वाच" म्हटलं आणि तू बाबाला फोन लावलास. असू दे.

आपण सगळे रसायनशास्त्र पाण्यात शिकतो. क्षार कशात विरघळेल हे विचारलं की हात आपोआप डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंटच्या तक्त्याकडे जातो, कारण पाण्याचा ७८ आहे आणि पाण्यात मीठ विरघळतं. आता साध्या मिठाचेच २५ अंशाचे आकडे बघ. एक किलो पाण्यात ३६० ग्रॅम. फॉर्मामाइडचा कॉन्स्टंट ११० च्या जवळपास, म्हणजे पाण्याहून जास्त, पण त्यात ९४ ग्रॅमच. एन-मिथाइलफॉर्मामाइडचा तर १८२, आणि त्यात ३२ ग्रॅम! खाली ये. मिथेनॉल ३३, त्यात १४ ग्रॅम. डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) ३७, मिथेनॉलपेक्षा थोडा वरच, आणि त्यात अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. हा तक्ता समोर असताना कुणी नुसत्या डायइलेक्ट्रिकवर विद्राव्यतेचा अंदाज बांधत असेल तर त्याला हात जोडावेत.

आयन सॉल्व्हंटमध्ये शिरला की किती ऊर्जा सुटते, याचं मॅक्स बॉर्नने १९२० मध्ये सूत्र दिलं ते तुला तोंडपाठ आहेच. आयन म्हणजे भारित गोळा, सॉल्व्हंट म्हणजे सलग, एकजिनसी माध्यम. त्यात येतो तो एक वजा एक भागिले डायइलेक्ट्रिक. पाण्यासाठी हे ०.९८७, अ‍ॅसिटोनायट्रिलसाठी ०.९७२. फरक दीड टक्क्याचा. मग क्षाराच्या विद्राव्यतेत शेकडो-हजारो पट फरक कुठून येतो?

तो येतो वजाबाकीतून. मिठाचा स्फटिक फोडून आयन मोकळे करायला मोलमागे सुमारे ७८७ किलोज्यूल लागतात. पाण्याचे रेणू त्या आयनांना घेरतात तेव्हा त्यातले ७८३ च्या आसपास परत मिळतात. उरतात चार. पावणेआठ लाखांच्या उलाढालीत गल्ल्यात चार हजार उरावेत, असा हा धंदा. उलाढाल दीड टक्क्याने हलली की नफ्या-तोट्याचं सगळं गणित फिरतं, आणि विद्राव्यता त्या आकड्यावर घातांकाने चालते. म्हणून मोठ्या आकड्यांच्या मॉडेलवर विसंबून छोट्या फरकाचं भाकीत करू नकोस. तो फरक मोजावाच लागतो.

आणि मोजताना नुसती उष्णता मोजून भागत नाही. हे मला फार आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पाण्यात मीठ विरघळताना थोडी उष्णता शोषली जाते, तेच चार किलोज्यूल. मिथेनॉलमध्ये उलट उष्णता बाहेर पडते. म्हणजे एन्थाल्पीच्या, या उष्णतेच्या, बाजूने बघितलं तर मिठाला मिथेनॉल पाण्यापेक्षा जास्त मानवतं! तरी विरघळतं पंचविसाव्या हिश्शाइतकंच. गोम एन्ट्रॉपीत आहे, म्हणजे रेणू किती मोकळे, विस्कळीत राहतात त्यात. पाण्यात हायड्रोजन बंधांची बांधणी आधीपासूनच असते. आयन आपल्याभोवती काही रेणू जखडतो, पण त्यापलीकडची जुनी बांधणी मोडतोही, त्यामुळे हिशेब बराचसा भरून निघतो. मिथेनॉलमध्ये मोडण्यासारखं तेवढं काही नसतं, रेणू नुसते जखडले जातात. बहुतेक अजलीय सॉल्व्हंटमध्ये हीच कथा आहे, एन्ट्रॉपी मोठ्या ऋण आकड्यात जाते. तेव्हा कॅलरीमीटरचा आकडा हातात आला की लगेच "हा सॉल्व्हंट चांगला" असं वहीत लिहू नकोस. उष्णता आणि एन्ट्रॉपी दोन्ही धरणारी मुक्त ऊर्जा येऊ दे.

आता तुझा मूळ प्रश्न. कॅटायन (धन आयन) आणि अ‍ॅनायन (ऋण आयन) यांना वेगवेगळं विचारायचं: तुला इथे कोण सांभाळतंय? व्हिएन्नाच्या व्हिक्टर गुटमानने यासाठी डोनर नंबर आणला. सॉल्व्हंट अँटिमनी पेंटाक्लोराइडला इलेक्ट्रॉनांची जोडी देतो तेव्हा मोलमागे किती किलोकॅलरी निघतात, एवढाच तो आकडा. पाणी १८, अ‍ॅसिटोनायट्रिल १४.१, डीएमएफ २६.६, डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) २९.८. आणि नायट्रोमिथेन? २.७. मिळालं उत्तर? दोघांचा डायइलेक्ट्रिक सारखा असला तरी नायट्रोमिथेन लिथियमला हातच देत नाही, मग तो आपल्या अ‍ॅनायनला चिकटून राहतो.

पण गुटमानचा आकडाही डोळे मिटून घेऊ नकोस. अ‍ॅसिटोनायट्रिल त्याच्या मापाने पाण्यापेक्षा दुबळं, तरी चांदीच्या आयनाला पाण्यातून अ‍ॅसिटोनायट्रिलमध्ये नेलं की तो मोलमागे वीसेक किलोज्यूलने सुखावतो. सोडियम त्याच प्रवासात पंधराएक किलोज्यूलने कुरकुरतो. चांदी आणि नायट्रोजन यांचं आपसात जमतं, ते अँटिमनीला विचारून कसं कळणार?

अ‍ॅनायनची बाजू विद्यार्थी हमखास विसरतात. डीएमएफ सोडियमला पाण्याहूनही घट्ट धरतो, मग मीठ त्यात का विरघळत नाही? क्लोराइडमुळे. क्लोराइड लहान, भार एकवटलेला, त्याला हायड्रोजन बंध देणारं कुणीतरी हवं. पाणी देतं, मिथेनॉल देतं. डीएमएफ, डीएमएसओ, अ‍ॅसिटोनायट्रिल यांच्याकडे द्यायला तसा हायड्रोजन नाही. पाण्यातून तिकडे जाताना क्लोराइडला चाळीसच्या वर किलोज्यूलचा भुर्दंड बसतो. आयोडाइड मोठा, ऐसपैस, त्याला हा भुर्दंड निम्म्याहून कमी.

हे मी आधी कारखान्यात पाहिलं आणि मग वाचलं. महाड एमआयडीसीत असताना क्लोरो संयुगाचं आयोडो करायची बॅच असायची. सोडियम आयोडाइड अ‍ॅसिटोनमध्ये घातलं की ढवळता ढवळता गडप होतं, शंभर ग्रॅममध्ये चाळीस ग्रॅमच्या घरात जातं. मिठाचं अ‍ॅसिटोनमधलं प्रमाण किलोमागे अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नाही. त्यामुळे रिफ्लक्स (वाफ थंड करून परत आत सोडत उकळणं) चालू असताना फ्लास्कमध्ये आधी नुसती धूसर झाक येते, मग काचेच्या तळाशी पांढरा थर बसत जातो. ते मीठ असतं. क्लोराइड बाहेर पडत राहतो आणि समतोल पुढे ओढला जातो. हान्स फिंकेलस्टाइनने १९१० मध्ये मांडलेली ही युक्ती, ऑपरेटरला नाव माहीत नसतं पण "पांढरं बसलं का?" हे तो बरोबर विचारतो.

द्रव अमोनियात तर पाण्यातला धडा उलटाच वाचायचा. तिथे सिल्व्हर क्लोराइड विरघळतं आणि बेरियम क्लोराइडचा साका बसतो.

तुझ्या बॅटरीवाल्यांनी हे सगळं पचवलेलं आहे. इथिलीन कार्बोनेटचा डायइलेक्ट्रिक ९० च्या आसपास, पण ते ३६ अंशाखाली गोठतं आणि दाट. डायमिथाइल कार्बोनेट पातळ, पण त्याचा डायइलेक्ट्रिक ३ च्या आसपास. म्हणून मिश्रण. दोघांकडेही अ‍ॅनायनला द्यायला हायड्रोजन बंध नाही, तेव्हा अ‍ॅनायनच असा निवडला की ज्याला कुणाचा आधार लागत नाही: हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट, मोठा, भार पसरलेला. लिथियम क्लोराइड टाकून बॅटरी का बनवत नाहीत याचं उत्तर इथेच आहे. त्या क्षाराची खोड मात्र तुला ठाऊक आहे, पाणी दिसलं की हायड्रोफ्लुओरिक आम्ल सोडतो.

दोन गोष्टी वहीत आत्ताच लिहून ठेव. एक, मी वर "चांदी सुखावते, क्लोराइडला भुर्दंड" असं एकेकट्या आयनाचं बोललो, पण एकटा आयन कुणी मोजलेला नाही. मोजतो आपण अख्खा क्षार, आणि वाटणी करतो टेट्राफेनिलआर्सोनियम टेट्राफेनिलबोरेटचे दोन अवाढव्य आयन सारखेच वागतात असं धरून. गृहीतक चांगलं आहे, पण गृहीतकच. थिसिसमध्ये तो आकडा देशील तिथे हे वाक्य आलंच पाहिजे.

दुसरी गोष्ट सौम्य द्रावणाची. आयन एकमेकांना किती ओढतात ते सांगणारा डिबाय-हकेल सूत्रातला ए हा गुणक पाण्यात ०.५१ आहे, मिथेनॉलमध्ये १.९, अ‍ॅसिटोनमध्ये पावणेचारच्या जवळ. पाण्यात जे द्रावण तू बिनदिक्कत "सौम्य" म्हणतेस ते अ‍ॅसिटोनमध्ये सौम्य नसतं. त्यामुळे शून्य संहतीकडे रेघ ओढायची तर फार खालच्या संहतीत जावं लागतं, आणि तिथे पाणी वाट बघत असतं. हिशेब कर: सॉल्व्हंटमध्ये १०० पीपीएम पाणी म्हणजे किलोत ०.१ ग्रॅम, साडेपाच मिलिमोल. तू क्षार घातलास एक मिलिमोल. म्हणजे क्षाराच्या प्रत्येक जोडीमागे पाण्याचे पाच-साडेपाच रेणू, आणि अ‍ॅसिटोनायट्रिलमध्ये तरफडणारा क्लोराइड त्यांना सोडणार आहे का? मग तू मोजतेस ते नेमकं कशाचं?

म्हणून ड्रमवर "ड्राय" लिहिलंय यावर जाऊ नकोस. कार्ल फिशर (पाणी मोजायची चाचणी) रोज लाव, बाटली उघडल्या उघडल्या आणि मोजमाप संपल्यावरही. अ‍ॅसिटोनायट्रिलला ३ अँगस्ट्रॉम छिद्रांची मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषून घेणारे सच्छिद्र दाणे) घे, ४ ची नको, तिच्यात अ‍ॅसिटोनायट्रिलही शिरतं. आधी ३०० अंशाला भाजून, कोरड्या हवेत गार करून मग घाल. अ‍ॅसिटोनमध्ये सीव्ह फार वेळ ठेवू नकोस, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन आल्डॉल होऊ लागतं. आणि सीव्हची भुकटी गाळल्याशिवाय वाहकता मोजू नकोस.

आईने डब्यात मेतकूट पाठवलंय, बरोबर चकल्याही आहेत. नायट्रोमिथेनची मालिका पुरी झाली की आकडे मला पाठव, सरांना दाखवायच्या आधी.

तुझा,
बाबा